होला आणि हुर्यो

बालमित्रांनो, माझी शाळा लवकर सुटली. शुद्धलेखनात चूक दिसली तर रागावू नका. शब्दही साधेच आहेत.

तळ्याकाठच्या एका रानात एक होला पक्षी राहत असे. स्वभावाने फार बुजरा. त्या रानात एक रीत होती. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळे पाण्यावर जमले, की एकेकाने काठच्या खडकावर चढून गाणे म्हणायचे, नाहीतर चार शब्द बोलायचे. आवडले नाही तर बाकीच्यांनी हुर्यो उडवायची आणि त्याने मुकाट्याने खाली उतरायचे. पुढे पुढे तर सगळे हुर्यो उडवायलाच येऊ लागले. त्यात पहिला आवाज हुप्या वानराचा.

एके दिवशी, "घसा खरवडतोस की गातोस रे?" असे म्हणून सगळ्यांनी कोल्ह्याला पिटाळले आणि होल्याची पाळी आली. तो बिचकत खडकावर चढला. श्रोत्यांची पाठ उंच गवताकडे होती, त्याचे एकट्याचे तोंड तिकडे. त्या गवतात त्याला दोन पिवळे डोळे दिसले. गवताला अगदी लागून हरिणी आपल्या पाडसाला घेऊन बसली होती.

"बि... बिबट्या..." होल्याच्या तोंडून जेमतेम निघाले.

"काय होलोबा, घशात दाणा अडकला का?" हुप्या ओरडला. "उतर खाली! हुर्यो!"

"हुर्यो!" सगळे गरजले. त्या गोंगाटात बिबट्याने एक पाऊल पुढे टाकले. आवाज ओसरला, की तो थांबे. हुर्यो उठली, की सरके. होल्याची पिसे भीतीने ताठ झाली. मागच्या झाडावर उडून गेला असता, तर त्याला कुणी नावे ठेवली नसती. पण पाडस आता एका उडीवर होते. होला थेट त्या पिवळ्या डोळ्यांवर झेपावला.

"पळाला! पळाला!" म्हणत त्याची टर उडवायला सगळ्यांनी माना मागे वळवल्या आणि हुर्यो घशातच राहिली. क्षणात पाणवठा रिकामा झाला. पाडस वाचले. बिबट्याच्या पंजात होल्याच्या शेपटीची चार पिसे तेवढी उरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होला पुन्हा त्याच खडकावर आला. कालच्यासारखाच बिचकत. पाण्यावर आलेल्या कुणीही, हुप्यानेसुद्धा, हुर्यो उडवली नाही. होल्याने कालचे राहिलेले गाणे म्हटले, पण ते संपेपर्यंत गवतावरची नजर काढली नाही.

तात्पर्य : हुर्यो उडवण्याआधी बोलणाऱ्याचे ऐकून घ्यावे. त्याचे तोंड जिकडे असते, तिकडे आपली पाठ असते.