मडगार्डखालची चार बोटं जागा

गाड्या अजून माणसांशी बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. पेडणेकरांची पांढरी गाडी झिजलेले टायर बदलायला दुकानात उभी होती. शेजारच्या जीपचे दांडगे टायर पाहून ती हट्टालाच पेटली. "मलाही तसलेच हवेत! माझ्या टायरवर चार बोटं जागा नुसती रिकामी पडलीय. शोभतं का ते?"

"ती जीप उंच करून घेतलीय, बाई," तिच्याच चाकावरचे मडगार्डदादा म्हणाले. "आपली उंची आहे तेवढीच आहे. ती जागा असू दे."

गाडीने ऐकलं नाही. पेडणेकरांनाही दांडगे टायर आवडले. रिकामी गाडी ऐटीत घरी आली, कुठे घासली नाही.

सकाळी सगळं घर गाडीत बसलं. मागे तांदळाचं पोतं आणि दोन फणस चढले. गाडी खाली दबली आणि पहिल्याच वळणावर टायर मडगार्डला खर्रकन घासला. जळक्या रबराचा वास सुटला.

"अहो, थांबवा!" उषाकाकू ओरडल्या. "मांडीवर बाळ आहे माझ्या!"

पेडणेकरांनी निमूट गाडी दुकानात परत नेली आणि पहिल्याच मापाचे नवे टायर बसवून घेतले.

मग घाट लागला. प्रत्येक खड्ड्याला चाक त्या चार बोटांत वर जाई आणि अलगद खाली येई. बाळ जागंसुद्धा झालं नाही.

"दादा," गाडी हळूच म्हणाली, "मी रिकामी म्हणत होते ती जागा. या घराचे सगळे हादरे तर तुम्ही तिथेच ठेवून घेत होतात."