भडभुंजिणीची गिटार

सात डोंगर ओलांडले की एक नगर लागायचं. त्या नगराच्या पेठेत, कासारणीच्या दुकानाला लागून, एका भडभुंजिणीची भट्टी होती. सकाळी ती फुटाणे भाजायची आणि ऊन उतरलं की लाह्या. मधली दुपार मोकळी. पेठ जेवून आडवी झालेली असायची, भट्टी निवत आलेली असायची, आणि भडभुंजीण गोणपाटावर बसून रस्त्याकडे बघत राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेकी आपापल्या घरी नांदत होत्या. रस्त्यावर बघण्यासारखं काही नसायचं, तरी ती बघायची.

एके दिवशी तिच्या झाऱ्याची मूठ निखळली, म्हणून ती सुताराकडे गेली. सुतार म्हातारा झालेला. उभा जन्म त्याने गिटारी बनवण्यात घालवला होता. तो मूठ बसवत होता तोवर भडभुंजिणीने भिंतीला टेकवलेल्या गिटारीची एक तार सहज बोटाने ओढली. सूर लाकडातून निघाला, तिच्या हातातून कोपरापर्यंत चढला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"ही कोणाची, दादा?" तिने विचारलं.

"अजून कोणाचीच नाही. माझ्या हातची शेवटची. आता डोळे साथ देत नाहीत," सुतार म्हणाला. "वाजवता येतं तुला?"

"नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"येत नाही म्हणूनच विचारते."

सुताराने मूठ खाली ठेवली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. मग तो म्हणाला, "घ्यायची असेल तर ऐकून ठेव. हिला भट्टीजवळ ठेवू नकोस, लाकूड तडकेल. पावसाळ्यात ओल्या भिंतीला लावू नकोस, फुगेल. आणि रोज वाजव. नव्या लाकडाचा आवाज आखडलेला असतो, वाजवून वाजवून तो मोकळा होतो. नुसती टांगून ठेवलीस तर मुकी होईल."

भडभुंजिणीने कानातल्या कुड्या मोडल्या आणि गिटार घरी आणली.

पेठेत हशा पिकला. कासारीण दुकानातून डोकावून म्हणाली, "अगं, या वयात बायका जपमाळ घेतात."

"जपमाळेला तारा नसतात," भडभुंजीण म्हणाली आणि सूर लावायला बसली.

सूर लागायला तिला आठ दिवस लागले. एक तार चढवली की दुसरी उतरलेली असायची. तापलेल्या वाळूतले फुटाणे चिमटीत उचलून बघताना ज्या बोटांना कधी चटका जाणवला नाही, त्या बोटांना तारांनी रडवलं. टोकं सोलली, सुजली, पुन्हा सोलली. तीन बोटं तीन तारांवर एकदम दाबायची तर चौथीच तार मध्ये यायची. एकच बोट सहाही तारांवर आडवं दाबायचं तर नुसती खरखर. समोरचा तेली दुपारी दार लावून घेऊ लागला. पण भडभुंजिणीने एक दिवस सोडला नाही. फक्त तापाने फणफणली तेव्हा चार दिवस गिटार भिंतीवर राहिली, आणि पाचव्या दिवशी अंगात कापरं असतानाच तिने ती खाली काढली.

तीन वर्षांत तिला दोन चाली आल्या. एक आईच्या तोंडची जात्यावरची ओवी, आणि दुसरी झारा हलवता हलवता तिला स्वतःला सुचलेली. दोन्हींत ती चुकायची. पण सुतार खरं बोलला होता. गिटारीचा आवाज हळूहळू मोकळा झाला. आधी तो पेटीतल्या पेटीत घुमायचा, आता पार कासारणीच्या दुकानापर्यंत जायचा, आणि कासारीण बांगड्या भरता भरता घटकाभर थांबायची.

त्या नगरात एक उस्ताद राहायचा. त्याच्यासारखी गिटार सात डोंगरांच्या आत कोणी वाजवत नसे, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. एका दुपारी तो पेठेतून चालला होता. भडभुंजीण ओवी वाजवत होती. उस्ताद जागीच थांबला. वाजवणं ऐकून त्याने कपाळाला आठ्या घातल्या, पण आवाज ऐकून त्याचा पाय उचलेना. त्याने फुटाणे मागितले आणि ते चघळत बराच वेळ गिटारीकडे बघत उभा राहिला. तिथून तो सरळ नगरशेठकडे गेला.

दुसऱ्या दिवशी नगरशेठ भट्टीवर आला. नगराचा सगळा कारभार त्याच्या हाती होता, आणि तो कधी कोणाच्या दारी जात नसे. भडभुंजिणीने पदर सावरला आणि पाट पुढे केला. शेठ बसला नाही.

"उत्सवाला शेजारच्या नगरचे पाहुणे येणार आहेत," तो म्हणाला. "उस्तादांना तुझी गिटार हवी आहे. देऊन टाक. उत्सवात तुला पहिल्या रांगेत बसवू, तुझं नाव पुकारू."

"गिटार द्यायची नाही, शेठजी."

"अगं, तुला वाजवता तरी येतं का?"

"फार नाही येत."

"मग झालं तर. इतकं चांगलं वाद्य तुझ्यापाशी वाया चाललंय. गाढवाला गुळाची चव काय?"

भडभुंजिणीला ते लागलं. तिने पाट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "चव मला कळते, शेठजी. म्हणून तर देत नाही."

शेठच्या शब्दाला नगरात आजवर कोणी नाही म्हटलं नव्हतं. त्याने तिथेच भर पेठेत जाहीर केलं, "बाजारच्या दिवशी चौकात निवाडा होईल. ही गिटार आधी भडभुंजीण वाजवेल, मग उस्ताद वाजवतील. जो चांगली वाजवेल, गिटार त्याची."

"वाजवायला मी येईन," भडभुंजीण म्हणाली. बाकी काही ती बोलली नाही.

शेठ गेल्यावर कासारीण धावत आली. "अगं, जाऊ नकोस. तू हरणार हे शेंबडं पोरही सांगेल."

"ठाऊक आहे मला. पण गेले नाही तर म्हणतील, लपून बसली. मी काही चोरी केलेली नाही."

बाजारच्या दिवशी चौक माणसांनी फुलून गेला. मधोमध चौरंग मांडला होता. भडभुंजीण त्यावर बसली, तेव्हा तिच्या तळहातांना घाम फुटला होता. तिने ओवी सुरू केली. दुसऱ्याच ओळीला बोट घसरलं आणि तार खरखरली. चौक हसला. ती थांबली. हात लुगड्याला पुसले, आणि ओवी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. पुन्हा चुकली. या वेळी ती थांबली नाही. चुकत, अडखळत, मान खाली घालून तिने ओवी पुरी केली, आणि गिटार उस्तादाच्या हातात दिली.

उस्तादाने डोळे मिटले. त्याचं पहिलं बोट तारेवर पडलं आणि हसणारा चौक चिडीचूप झाला. गिटार अशी वाजू शकते हे भडभुंजिणीने कधी ऐकलं नव्हतं. आपल्याच गिटारीच्या पोटात इतकं काही दडलेलं होतं, आणि तीन वर्षांत आपल्याला त्यातलं चिमूटभरही काढता आलं नाही. तिचे डोळे भरून आले. तिच्या मनात आलं, शेठ खरं तेच बोलला. ही इथेच शोभते. आपण मुकाट घरी जावं.

मग तिला उद्याची दुपार दिसली. निवणारी भट्टी, गोणपाट, समोर ओसाड रस्ता, आणि रिकामे हात. उस्तादाने कितीही सुंदर वाजवलं तरी तिच्या दुपारी तो वाजवायला येणार नव्हता. त्या तिच्या तिलाच भरून काढायच्या होत्या.

वादन संपलं. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. भडभुंजिणीनेही टाळ्या वाजवल्या, सगळ्यांत जास्त वेळ. मग ती उठली, उस्तादापुढे गेली आणि म्हणाली, "फार सुंदर वाजवलंत. आता माझी गिटार द्या."

"निवाडा झालाय," शेठ गरजला. "तू हरलीस की नाही?"

"हरले, शेठजी. मी हरणारच होते. पण हरले तर देईन असं मी कधी म्हटलं? ते तुम्ही म्हणालात."

"चांगली वस्तू ती चांगली वापरणाऱ्याच्याच हाती हवी. हा नगराचा न्याय आहे."

"मग न्याय सगळ्यांना सारखा लागू करा," भडभुंजीण म्हणाली. "तुमचा पांढरा घोडा नगरात सगळ्यांत चांगला कोण दौडवतं? तुमचा मोतद्दार. तुम्ही तर महिन्यातून एकदा बसता, आणि तेव्हाही लगाम तोच धरतो. आजपासून घोडा त्याचा का?"

गर्दीत मोतद्दार उभा होता. त्याने मान खाली घातली, पण त्याचे खांदे हसण्याने हलत होते. त्याच्या शेजारचे दोघे हसले, मग दहा हसले, आणि मग चौकात हशा उसळला. या वेळी कोणी भडभुंजिणीला हसत नव्हतं.

ती उस्तादाकडे वळली. "तुमच्या घरी किती गिटारी आहेत?"

"अकरा," उस्ताद म्हणाला.

"रोज किती वाजवता?"

उस्ताद म्हणाला, "दोन."

"म्हणजे नऊ जणी भिंतीवर मुक्या बसल्यात. त्यांचं आधी बघा. आणि हिचा जो आवाज तुम्हाला भावला ना, तो सुताराने अर्धाच घडवला होता. बाकीचा मी काढलाय, रोज वाईट वाजवून वाजवून."

तिने गिटारीच्या दांडीला हात घातला. उस्तादाचाही हात दांडीवरच होता. थोडा वेळ दोघांनी ती तशीच धरून ठेवली. भडभुंजिणीने हात काढला नाही आणि नजरही काढली नाही. शेवटी उस्तादाने बोटं सैल सोडली.

ती गिटार घेऊन चौकातून चालू लागली. तिला अडवायला शेठने शिपायांना खूण केली, पण लोक वाटेत असे दाटीवाटीने उभे राहिले की शिपायांना पुढे सरकता येईना, आणि तिला मात्र आपोआप वाट होत गेली.

शेठने अपमान गिळला नाही. संध्याकाळच्या आत हुकूम निघाला, भडभुंजिणीची भट्टी पेठेतून उठवा. तिने कढई, झारा, वाळूची पोती आणि गिटार हातगाडीवर घातली आणि वेशीबाहेर, उघड्या माळाच्या कडेला, नवी भट्टी रचली. तिथे वारा जाळ टिकू द्यायचा नाही. येणारी-जाणारी गाडी एखादीच. पहिले आठ दिवस भाजलेले फुटाणे तिनेच खाल्ले आणि उरलेले पाखरांना टाकले. लेकीचा निरोप आला, "आई, शेठची माफी माग आणि परत जा." तिने उलट निरोप धाडला, "माफी चुकीची मागतात. सुरांच्या चुका सोडल्या तर माझी दुसरी चूक झालेली नाही."

आणि दुपारी ती वाजवत राहिली. आता शेजारी नव्हते, दार लावून घेणारं कोणी नव्हतं, म्हणून ती अधिकच मोठ्याने वाजवू लागली.

नवव्या दिवशी कासारीण वेशीबाहेर आली. म्हणाली, "पेठेत दुपार सरत नाही गं." तिने ओच्यातून सासऱ्यांची जुनी बासरी काढली. "ही आमच्या माळ्यावर पडून होती. मला वाजवता येत नाही."

"मग बस," भडभुंजीण म्हणाली.

पुढच्या आठवड्यात मोतद्दार हलगी घेऊन आला. मग म्हातारे पंतोजी आले. त्यांनी तरुणपणी हौसेने घेतलेली आणि कोणी हसेल म्हणून कधी न वाजवलेली गिटार बासनातून काढली. तिच्या तारांना गंज चढला होता. भडभुंजिणीने स्वतःकडच्या जादा तारा तिला चढवून दिल्या. बघता बघता वीस-पंचवीस माणसं जमू लागली. दुपारी पेठ ओस पडे आणि माळ गजबजून जाई. वाजवायला आलेल्यांना भूक लागे, ऐकायला आलेल्यांनाही लागे, आणि फुटाण्यांची कढई दुपारीही चढवावी लागे.

पेठेत दुपारी चिटपाखरू नसतं हे शेठच्या कानावर गेलं. एके दिवशी तो स्वतः वेशीबाहेर आला. पंचवीस जण एकच चाल वाजवत होते आणि कोणाचाही कोणाशी मेळ नव्हता. बासरी पुढे पळत होती, हलगी मागे राहिली होती, आणि पंतोजी तिसऱ्याच वाटेने चालले होते. शेठने कानांवर हात ठेवले.

"यांच्यात एकाला तरी धड वाजवता येतं का?" त्याने विचारलं.

"नाही," भडभुंजीण म्हणाली.

"मग हे थांबणार तरी कधी?"

"भूक लागली की थांबतो, शेठजी. फुटाणे खातो, पाणी पितो, आणि पुन्हा सुरू करतो. बसायचं तर बसा."

शेठ बसतो की जातो हे बघायला ती थांबली नाही. तिने मान गिटारीवर झुकवली. पुढचा सूर चुकला, आणि त्याच्या पुढचा अगदी बरोबर लागला.

तात्पर्य विचाराल तर एवढंच: आपल्या आनंदासाठी वाजवणाऱ्याने चांगलं वाजवता येईपर्यंत थांबू नये, आणि कोणी आपल्यापेक्षा चांगलं वाजवतो म्हणून आपलं वाद्य त्याच्या हवाली करू नये.