हातात आलं ते माझं

बार्शीची शाल्मली गुरव कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांच्या नक्षी काढून विकायची. प्रत्येक नक्षीसोबत वापराचा परवाना द्यायची; त्यात साफ लिहिलेलं असायचं, की घेणाऱ्याने आपल्या पत्रिकांवर नक्षी खुशाल छापावी, मूळ फाइल मात्र दुसऱ्याला देऊ नये. पण छापखानेवाल्यांच्या संघाचे अध्यक्ष दिनकरराव मोहोळकर असलं काही वाचतील तर शपथ! त्यांनी एक नक्षी विकत घेतली आणि संघाच्या चाळीस सभासदांना फुकट वाटून टाकली. शाल्मलीची गिऱ्हाइकंच आटली.

ती जाब विचारायला गेली, तेव्हा दिनकरराव लेकीच्या लग्नाच्या पत्रिकांना हळदकुंकू लावत बसले होते.

"माझ्या हातात आलं ते माझं," ते गुरगुरले. "मी कुणालाही देईन!" आणि वर मोठेपणा दाखवत त्यांनी एक पत्रिका तिच्यापुढे धरली. "ये जेवायला."

शाल्मलीने पत्रिका कपाळाला लावली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि ती म्हणाली, "काका, आमच्या पेठेच्या ग्रुपवर टाकते हं. पाचशे माणसं आहेत. सगळे येतील जेवायला."

दिनकररावांच्या हातातली कुंकवाची वाटी कलंडली. "अगं, थांब! आमंत्रण तुला दिलंय. तू ये, पोटभर जेव. गावभर वाटायला नाही दिलेलं!"

"पण पत्रिका माझ्या हातात आली ना?"

"आली म्हणून काय झालं? ज्याला दिली त्याने यावं, दुसऱ्याला..."

"थांबू नका, काका," शाल्मली म्हणाली. "हेच त्या चाळीस जणांना सांगा. माझा परवाना तुम्ही माझ्यापेक्षा छान समजावता."