माळावरची तीन दारं

त्या मुलखात पाणी होतं, पण दार नव्हतं. टेकडीच्या पोटात झरा वाहायचा. कातळाला कान लावला की खळखळ स्पष्ट ऐकू यायची. पूर्वी तिथे खेकड्याने केलेलं एक दार होतं. काळंकुट्ट, ओबडधोबड, पण ढकललं की उघडायचं. टेकडीखाली राहणाऱ्या चिचुंद्रीला डोळ्यांनी जवळजवळ काही दिसत नसे, तरी त्या दाराची जमिनीलगतची कडी तिच्या नाकाला पाठ होती. तिचं तेवढ्यावर भागायचं.

मग पंचांना ते दार जुनाट वाटू लागलं. आता शहाण्याने काय करावं? आधी नवं बसवावं, मग जुनं काढावं. यांनी जुनं आधी उपटलं, पाणी वाया जाऊ नये म्हणून भोक चिखलाने लिंपून टाकलं, आणि मग नवं दार कुणाच्या पद्धतीचं करायचं, याची तुलना मांडली. स्वतःचे रांजण त्यांनी लिंपण्याआधीच भरून ठेवले होते, हे सांगायला नकोच. चिखल वाळून दगड झाला.

तुलना भरली माळावर, कारण मुख्य पंच मोराला टेकडी चढताना पिसारा सावरावा लागायचा. प्रत्येक कारागिराने नमुन्याचं एक दार उभं करायचं. ढकलल्यावर ते उघडलं पाहिजे आणि "या, पाणी घ्या" म्हणालं पाहिजे. बस्स, एवढंच! सुगरणीने असं देखणं दार विणलं की बघत राहावं. मात्र ते बाभळीवाचून कुठे टांगताच येईना. वाळवीचं दार कुठेही उभं राहायचं, पण वीतभर दारासाठी ती आपलं अख्खं वारूळ सोबत आणायची. कोळ्याचं दार सगळ्यांत हलकं. फक्त तो रोज सकाळी जुनं मोडून नवं विणायचा, त्यामुळे कालची कडी आज भलतीकडेच. बघ्यांचे तीन तट पडले आणि एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागले.

पंधरा दिवस हाच तमाशा. चिचुंद्रीची चार पिल्लं दव चाटून जगत होती. पुढे दवही पडेना. शेवटी ती पिल्लांना घेऊन माळावर आली. पहिल्याने आईची शेपटी दातांत धरलेली, दुसऱ्याने पहिल्याची, अशी त्यांची चालायची रीत.

"मोरसाहेब, यातलं कुठलं दार आंधळीला उघडता येईल?"

मोराने गुणांच्या वहीची पानं चाळली. "तो रकाना नाही, बाई."

"मग आहेत तरी कुठले?"

"रंग. झळाळी. उघडतानाचा आवाज."

"आणि पाणी?"

"पाण्याचं काय ते दार ठरल्यावर बघू."

"डोंबल तुमचं दार!" चिचुंद्री कडाडली. "पोरांच्या जिभा टाळूला चिकटल्यात! त्या खेकड्याला बोलवा, एका दिवसात उघडून देईल."

"खेकडा? आजच्या काळात?" आणि इतके दिवस भांडणारे तिन्ही तट पहिल्यांदाच एकत्र हसले.

ती पिल्लांना तशीच मागे घेऊन टेकडी चढली. लिंपण खरवडत राहिली. पलीकडे झरा अगदी कानाशी वाहत होता. तिची नखं तुटली, लिंपणाचा टवका उडाला नाही.

खाली येईपर्यंत निकाल लागला होता: तिन्ही दारं उत्तम, सबब पुढल्या उन्हाळ्यात चौथ्या कारागिरासह पुन्हा तुलना. पंच आपापल्या रांजणांकडे गेले होते. माळावर नमुने तेवढे उभे होते, वाऱ्याने उघडत, मिटत, बोलत.

"आई," शेवटचं पिल्लू म्हणालं, "कुणीतरी पाणी घ्या म्हणतंय गं."

तिला नाही म्हणवेना. तिने पहिलं दार ढकललं.

"या, पाणी घ्या."

पलीकडे तापलेली माती. तिने दुसरं ढकललं.

"या, पाणी घ्या."

तापलेली माती. तिसऱ्या दारापाशी शेपटीवरची ओढ एकदम हलकी झाली. ती गर्रकन वळली आणि नाकाने जमीन चाचपू लागली. तिच्या पाठीचा धक्का लागून दार उघडलं, आणि गोड आवाजात म्हणालं, "या, पाणी घ्या."