अकरा खुळ्यांची वाडी

बोरमाळच्या धनगरवाड्यावर साठीपुढची अकरा माणसं होती. ती अकराच्या अकरा एका दुपारात खुळी ठरली.

म्हातारपणी भ्रम झालेली माणसं राज्यात किती, हे मोजून त्यांना राजधानीच्या आश्रमात सांभाळावं, असं राजाच्या मनात आलं होतं. हेतू चांगलाच होता. प्रश्न मात्र त्र्यंबकशास्त्र्यांनी काढले: आज तिथी कोणती, शंभरातून सात सात वजा करत खाली या, राजवाड्याच्या दाराचं चित्र काढा. आनसाबाईनं जन्मात बोरू धरला नव्हता. तिथी विचारली तर तिनं मेंढ्या कुठल्या रानात आहेत ते सांगितलं. शास्त्र्यांनी शून्य मांडलं. परवा तिला न्यायला गाडी येणार होती.

तिची सून केरा हे ऐकून घेईना. अडलेली मेंढी सोडवायला सासू हवी, आणि दिवसभर बोलायलाही तीच हवी. सासूला घेऊन ती थेट दरबारात उभी राहिली.

"सरकार, आत्याबाई शहाण्या हायेत. सवाल खुळे हायेत."

शास्त्र्यांनी लगेच पुरावा दिला. हेच प्रश्न त्यांनी स्वतःच्या वडिलांना घातले होते आणि वडिलांना पैकीच्या पैकी गुण पडले होते.

राजानं मिशीवरून हात फिरवला. "मग तूच एक प्रश्न काढ. शास्त्र्याला, धनगराला, सगळ्यांना चालेल असा. दिवस मावळायच्या आत जमलं नाही, तर सासूबरोबर तूही आश्रमात!"

"मावळतीपातुर कशाला थांबायचं?" केरा म्हणाली. "पर माझा सवाल म्हाताऱ्या माणसाला न्हाई, त्याच्या घरच्याला पुसायचा. गेल्या साली ह्यांना जमत हुतं, त्यातलं यंदा काय जमंना?"

शास्त्री हसले. केरानं आधी स्वतःच उत्तर दिलं. आत्याबाई गेल्या साली दोनशे मेंढ्या तोंडावरून ओळखायच्या, यंदाही ओळखतात. काल कळपातली एक चुकली, ती त्यांच्याच ध्यानात आली. मग ती वळली. "शास्त्रीबुवा, तुमचे वडील?"

शास्त्र्यांनी हातातली खुळ्यांची यादी खाली ठेवली. वडिलांनी सत्तर वर्षं रोज पंचांग उघडलं होतं, तिथी त्यांच्या जिभेवरच होती.

"गेल्या वर्षी मला नावानं हाक मारायचे," ते हळूच म्हणाले. "आता रोज सकाळी विचारतात, आपण कोण?"

केराला फार वाईट वाटलं. शास्त्र्यांना हरवायचं तिच्या मनात होतं, रडवायचं नव्हतं.

राजानं स्वतःची साठी आठवून विचारलं, हा प्रश्न राजाला चालतो का? केरानं शेजारी बसलेल्या राणीसाहेबांकडे बोट दाखवलं.

"गेल्या वर्षी महाराज कोणाचं ऐकत नसत," राणी म्हणाली.

"आन् यंदा?" केरानं विचारलं.

"यंदाही ऐकत नाहीत."

"मग डोकं शाबूत हाय," केरा म्हणाली.

राजा इतका हसला की त्याचा फेटा सुटला. त्यानं जुनी यादी तिथंच फाडली आणि नवी मोजदाद केराच्या प्रश्नावर करायची आज्ञा शास्त्र्यांनाच दिली.

ठरल्या दिवशी गाडी बोरमाळला आली. तिच्यातून राजानं पाठवलेल्या पाच गाभण मेंढ्या उतरल्या. आनसाबाईनं पाचींची तोंडं नीट निरखली आणि कुठली आधी विणार ते सांगून टाकलं.