स्थविरांनी न पाहिलेली बाग

"आणि तळं? तळं कसं दिसतंय?"

आंधळ्या, वृद्ध भिक्खू सुगुप्त स्थविरांनी विचारलं. ते तळ्याकाठच्या दगडी ओट्यावर बसले होते. शेजारी वरदत्त उभा होता.

वरदत्त म्हणजे राजसभेतला नावाजलेला कवी. त्याने वर्णन केलं की न पाहिलेलं गावही डोळ्यांपुढे उभं राहतं, असं लोक म्हणायचे. त्यालाही ते पटलेलं होतं. आता सगळं सोडून तो स्थविरांचा शिष्य व्हायला आला होता.

स्थविरांनी त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "ही बाग मी तरुणपणी लावली. झाडं कमरेएवढी झाली आणि माझे डोळे गेले. मला माझी बाग दाखव."

वरदत्त सकाळपासून हिंडत होता. तळ्यापलीकडच्या मंदिरात जाऊन त्याने अंधारातल्या बुद्धमूर्तीपुढे डोकं टेकलं. मग नागचाफ्यांच्या सावलीतून, शेवाळलेल्या फरशांवरून जपून पावलं टाकत तो सगळी बाग फिरला. मनातून भारावून गेला. अशी बाग राजाकडेही नव्हती. मग तिच्यासाठी शब्दही तसेच तोलामोलाचे हवेत, असं त्याला वाटलं.

"तळं नीलमण्यासारखं आहे, भन्ते."

"नीलमणी मी पाहिलाय. तळ्याचं विचारतोय."

"नागचाफा असा फुललाय, जणू चांदण्या..."

"चांदण्याही पाहिल्यात रे."

वरदत्तचे कान तापले. भर सभेतही त्याला असं कुणी अडवलं नव्हतं. शेवाळाला तो रेशीम म्हणणार होता. तो शब्द त्याने गिळला.

"शेवाळ... हिरवं आहे."

"बरं. पुढे?"

पुढे काही सुचेना. इतकी वर्षं हाक मारली की धावत येणारे शब्द आज फिरकलेच नाहीत. तो स्थविरांशेजारी टेकला.

"मला जमत नाही, भन्ते," तो शेवटी म्हणाला. "तुमची बाग फार सुंदर आहे. आणि मला ती सांगता येत नाही. उद्या मी परत जातो."

स्थविरांनी चाचपडत त्याचा हात शोधला आणि आपल्या हातात घेतला.

...

दिवस कलला. ढगांच्या खालून तिरपं ऊन निसटलं, तळ्यावर पडलं आणि पाण्यावरून उसळून थेट मंदिराच्या दारात शिरलं.

आतला काळोख उजळला.

पाण्यावरची लहर न् लहर मूर्तीच्या मुखावर हलू लागली. ओठांवरून उजेड सरकला. मिटलेल्या पापण्यांवर थरथरला. दगड श्वास घेत होता...

वरदत्त उठून उभा राहिला, की बसूनच होता, हे त्याला पुढे कधी आठवलं नाही. स्थविरांचा हात मात्र त्याने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गालांवरून पाणी वाहत होतं. शब्द जुळवायचे असतात, याचंही त्याला भान नव्हतं.

मग एकदम त्याला आठवलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याने ही बाग लावली होती आणि त्याला यातलं काहीच दिसत नव्हतं!

"भन्ते! आत्ता तिथे... मूर्तीवर... थांबा, सांगतो..."

स्थविरांचा हात अजून त्याच्या हातांत होता आणि तोंड मंदिराकडे वळलेलं होतं. ते हलकेच म्हणाले, "गप्प बस रे. पाहू दे मला."