राखायला दिलेली होडी

आषाढातली दुपार, भरतीची वेळ. खाडीकाठच्या एका गावात, देवळासमोरच्या खडकावर आपटून एका कोळणीची होडी फुटली. होडी चोरीला गेली नव्हती. जो माणूस ती राखत होता, त्यानंच ती पाण्यात लोटली होती.

त्या गावात पावसाळ्याआधी सगळ्या होड्या वर ओढून नारळाच्या झापांनी शाकारून ठेवत. नारळी पौर्णिमेपर्यंत त्यांना पाणी लावायचं नाही, असा रिवाज होता. किनाऱ्यावर एक राखणदार असे. वाऱ्यानं झाप उडाले तर पुन्हा बांधायचे आणि मालक आला की होडी होती तशी त्याच्या हवाली करायची, हे त्याचं काम. त्याबद्दल त्याला घरोघरची सुकी मासळी मिळे.

कोळीण विधवा होती. तिचा मुलगा होडी चालवी आणि त्यावर दोघांचं पोट भरे. पावसात मायलेक भातलावणीच्या कामाला डोंगरापलीकडे जात. निघताना ती राखणदाराला म्हणाली, "भाऊ, तुझ्या भरवशावर टाकून चाललेय रे."

"जा गो निर्धास्त," तो म्हणाला.

त्या वर्षी गावच्या खोतानं देवीची नवी मूर्ती घडवून घेतली होती. मूर्ती खाडीच्या पलीकडे येऊन पडली होती आणि श्रावणाआधी ती बसवायची, असं खोताच्या मनानं घेतलं होतं. पाणी खवळलेलं. तरी तो चार माणसं घेऊन किनाऱ्यावर आला आणि कोळणीच्या होडीकडे बोट दाखवून म्हणाला, "ही काढ बाहेर."

"मालकीण इथं नाही, खोतसाहेब. तिला विचारल्याशिवाय कशी देऊ?"

"देवीच्या कामाला ती नाही म्हणणार आहे का? आणि तुझं काय जातंय रे? होडी तिची, पुण्य तुलाही."

राखणदार घुटमळला. मग त्यानं झाप काढले आणि स्वतःही खांदा लावला.

येताना वारा उठला. मूर्ती कशीबशी काठाला लागली, माणसं वाचली, होडी मात्र खडकावर गेली. गावानं नगारे वाजवले. देवीनं आपल्या लेकरांना तारलं, असं जो तो सांगत सुटला. खोतानं राखणदाराला शेला दिला. फुटक्या फळ्या पावसात कुजत पडल्या.

लावणी आटोपून कोळीण परतली. होडीच्या जागी नुसता चिखल होता.

शेजारणी म्हणाल्या, "अगो, नशीबवान तू! देवी तुझ्या होडीतून आली. केवढं पुण्य!"

"पुण्य घेऊन माझा लेक समुद्रावर जाईल होय?" ती म्हणाली. "मूर्ती आली, चांगलं झालं. माझी होडी कुठाय?"

शेजारणी पांगल्या. पौर्णिमा तोंडावर आली होती. सगळ्यांच्या होड्या पाण्यात उतरणार, आणि हिचा मुलगा काठावर उभा राहणार. तिनं सरळ राजाच्या न्यायाधीशाकडे दाद मागितली.

न्यायाधीश गावात आला आणि देवळाच्या ओट्यावर बसला. राखणदार हात जोडून म्हणाला, "महाराज, मी एक छदाम घेतला नाही. काम देवीचं होतं. वारा उठला, तो काय माझ्या हातात होता?"

"वारा तुझ्या हातात नव्हता," न्यायाधीश म्हणाला. "होडी झापांखाली असती, तू तिची नीट राखण केली असतीस आणि तरी वादळानं ती फोडली असती, तर मी तुला बोल लावला नसता. पण ती तुझ्याकडे राखायला दिली होती. पाण्यात घालायला दिली होती का?"

"नाही."

"तुझी स्वतःची होडी आहे?"

"आहे."

"तेव्हा कुठं होती?"

"शेजारीच. शाकारलेली."

"मग देवीच्या कामाला ती का नाही दिलीस?"

राखणदारानं मान खाली घातली. "नवी आहे, महाराज. आणि आषाढातलं पाणी... भरवसा नसतो."



"म्हणजे धोका तुला कळत होता," न्यायाधीश म्हणाला. "म्हणूनच तू दुसऱ्याची होडी दिलीस. तुझी होडी आजपासून हिची."

राखणदार रडला, पण त्यानं होडी दिली. पौर्णिमेला कोळणीचा मुलगा ती घेऊन समुद्रावर गेला.

यातून शिकायचं ते हे: राखायला घेतलेली वस्तू आपल्या वस्तूइतकी जपावी आणि ज्या कामासाठी ती सोपवली असेल त्याच कामापुरता तिला हात लावावा. दुसऱ्याच्या वस्तूचं दान करून आपल्याला पुण्य मिळत नाही, आणि नुकसान झालं तर ते आपल्यालाच भरून द्यावं लागतं.

राहिली एक गोष्ट. होडी कोणाच्या सांगण्यावरून काढली, असं न्यायाधीशानं विचारलं तेव्हा राखणदार म्हणाला, "गावानं सांगितलं." खोत पहिल्या रांगेत बसला होता. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. देवीच्या उत्सवात पहिला मान अजून त्याच्याच घराण्याला आहे, आणि "ही काढ बाहेर" असं कोण म्हणालं, हे त्या गावात आजवर कोणी कबूल केलेलं नाही.